सोबतीची सफर

आपल्या कोकणी घरांत सफर हा शब्द नवा नाही. आजोबा जहाजावर खलाशी, चुलते आफ्रिकेला, मामा कुवेतला, भाऊ दुबईला. कोकणच्या गावांतून केप टाउनला आणि पूर्व आफ्रिकेला गेलेली घराणी आजही नाती धरून आहेत. मुंब्रा, कौसा, कल्याण, भिवंडीतल्या कितीतरी इमारती गल्फच्या पैशांवर उभ्या राहिल्या. पण या सगळ्या सफरी एकट्याच्या होत्या. पुरुष गेला, बाई थांबली. तिने मुलं वाढवली, सासू-सासरे सांभाळले, बिल्डरच्या कचेरीत फेऱ्या मारल्या आणि रात्री फोनची वाट पाहिली.

आम्हीही त्यातलेच. आमच्यातला एक 22 वर्षं सौदीला होता, दुसरी कल्याणला शाळेत शिकवत होती. वर्षाला जेमतेम 40 दिवसांची सुट्टी. हिशेब केला तर 880 दिवस होतात, म्हणजे अडीच वर्षंसुद्धा नाहीत. त्या दिवसांतही कुणाचं लग्न, कुणाची मय्यत, घराचं रंगकाम. कायमचं परत येणं झालं, मुलगी मुंब्र्याला सासरी गेली, मुलगा नोकरीला लागला आणि एके दिवशी लक्षात आलं की चहात साखर किती लागते हेही आम्हांला एकमेकांना विचारावं लागतंय. म्हणून पाठीवर एकेक पिशवी घेऊन आम्ही 58 दिवस बाहेर पडलो. श्रीलंका 16 दिवस, मलेशिया 20 आणि इंडोनेशिया 22. गेल्या काही महिन्यांत वाचक भगिनींनी या प्रवासाबद्दल बरंच विचारलं. आजचा लेख त्यासाठी.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच होता: “एवढ्या पैशांत दोघांचा उमरा झाला असता की!” प्रश्न चुकीचा नाही. फर्ज आधी, हे आम्हीही मानतो. कर्ज फेडलेलं असावं, आई-वडिलांची सोय लागलेली असावी, हजची ऐपत असेल तर ती नियत पुढे ढकलू नये. हे झाल्यावर जे उरतं ते नवरा-बायकोने एकमेकांसाठी खर्च केलं तर त्यात उधळपट्टी कुठली? कुरआनात जमिनीवर फिरून पाहण्याचा आदेश एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे. हदीसमध्ये येतं की पैगंबर (स.) सफरीला निघताना पत्नींमध्ये चिठ्ठी काढत आणि जिचं नाव येईल तिला सोबत नेत. एका सफरीत त्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी पळण्याची शर्यत लावली आणि त्या जिंकल्या, हेही आपण वयांमध्ये ऐकलेलं आहे. ऐकतो आणि सोडून देतो.

दुसरा प्रश्न अम्मींचा. त्यांचं वय 78. त्यांना एकटं ठेवून जाणं शक्य नव्हतं. मुलगी आणि जावई दोन महिन्यांसाठी कल्याणला राहायला आले, शेजारच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं, औषधांचे डबे तारखेवार लावले. तरी सुनेचा पाय निघेना. अम्मींचे मियां बोटीवर होते, आठ-आठ महिने दिसत नसत. त्या एवढंच म्हणाल्या, “मी वाट बघितली. तू जा.”

तयारी आम्ही तीन महिने केली. विमानात हातात घेऊन चढायचं तर स्वस्त कंपन्यांत बहुधा 7 किलोची मर्यादा असते, म्हणून पिशवी तेवढीच भरली: कपड्यांचे तीन जोड, पटकन वाळणारे ओढणी-स्कार्फ, पातळ जानमाज, औषधं, डासांचं मलम. उष्ण कटिबंधात घाम आणि पाऊस दोन्ही रोजचे. जाड सुती कपडे आणि जीन्स दमट हवेत दोन दिवस वाळत नाहीत. भरलेली पिशवी पाठीवर घेऊन फजरनंतर काळा तलावाभोवती फेऱ्या मारल्या. लोक हसले. पण खांदे तयार झाले.

कागदांचं सांगतो. पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या तारखेपासून सहा महिन्यांहून जास्त हवी. मलेशियाला सध्या आपल्याला 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरावं लागतं. इंडोनेशियाचा व्हिसा विमानतळावर मिळतो: माणशी पाच लाख रुपिया, 30 दिवसांसाठी. आकड्याने घाबरू नका, त्यांची एक लाखाची नोट आपल्या पाचशे रुपयांच्या आसपास जाते. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी पुन्हा पाहा. आणि महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीतून सोबत ठेवा. इंडोनेशियात ‘शरिया’ पाटीच्या लॉजमध्ये नवरा-बायको असल्याचा पुरावा मागतात. तिथे नवऱ्याला ‘सुआमी’ आणि बायकोला ‘इस्त्री’ म्हणतात हे कळल्यावर आम्ही काउंटरसमोरच हसलो. स्वामी आणि स्त्री! ‘खबर’, ‘दुनिया’, ‘जवाब’, ‘कुर्सी’, ‘रोटी’ हे शब्दही तिथे भेटतात. हालहवाल विचारायची तर ‘आपा काबार’ म्हणायचं.

सुरुवात श्रीलंकेपासून केली, कारण तिथलं जेवण ओळखीचं. तांदूळ आणि नारळाचं आंबवलेलं ‘आप्पा’ खाताना घरच्या सांदणांची आठवण येते. तिथला श्रीपाद डोंगर 2,243 मीटर उंच आहे. माथ्यावर पावलाचा ठसा आहे: बौद्ध तो बुद्धाचा मानतात, हिंदू शिवाचा, आणि मुसलमान परंपरेत तो हजरत आदम (अ.) यांचा सांगितला जातो. इब्न बतूता हा डोंगर चढला होता. डिसेंबर ते मे हा चढण्याचा मोसम. लोक रात्री निघतात आणि सूर्योदयाला माथ्यावर असतात. पायऱ्या पाच हजारांवर. सौदीत वातानुकूलित गाडीतून फिरलेला आमच्यातला एक दर दोनशे पायऱ्यांना बसत होता. लिफ्ट नसलेल्या इमारतीत 20 वर्षं चौथ्या मजल्यावर किराणा चढवलेली दुसरी वर उभी राहून त्याची वाट पाहत होती. या वेळी वाट पाहणं तिला आवडलं, असं ती सांगते.

इब्न बतूताबद्दल आणखी थोडं. 1325 साली, वयाच्या 21व्या वर्षी तो तांजियरहून हजला निघाला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं फिरत राहिला. आपल्या खालच्या होन्नावरला त्याने मुलींच्या 13 शाळा पाहिल्या आणि तिथल्या बायका कुरआन हाफिज असल्याचं नोंदवलं. मालदीवला तो काझी झाला, तिथे त्याने लग्नं केली. तिथल्या बायका आपला मुलूख सोडून जात नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तो निघून गेला, त्या तिथेच राहिल्या. त्याचा ग्रंथ सगळ्या जगाला माहीत आहे. त्या बायकांनी मागे काय पाहिलं हे कुणी लिहिलं नाही. आपल्या घरांतल्या अम्मी-नानींचंही असंच झालं, असं आम्हांला वाटत राहिलं.

मलेशियात पेनांग बेटावर कापितान केलिंग मशीद आहे, 1801 सालची, हिंदुस्थानातून गेलेल्या मुसलमानांनी उभारलेली. जवळच ‘नासी कांदार’ मिळतो: भात आणि वर निरनिराळे रस्से. कांदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावर कावड घेऊन हा भात विकत, त्यावरून हे नाव. मलाक्काला 1748 सालची कांपुंग क्लिंग मशीद आहे, तिला घुमट नाही, उतरत्या छपरांचे थर आहेत. कोकणातल्या जुन्या कौलारू मशिदी आठवल्या. आणि फजरला दुसऱ्या रकातीत इमामांनी हात उचलून कुनूत पढली तेव्हा परकेपणा संपला. तिथलेही लोक आपल्यासारखे शाफई. ज्या समुद्री वाटांनी अरब व्यापारी आपल्या किनाऱ्याला आले, त्याच वाटा पुढे मलाक्काला जातात, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि सफेत उभं राहून कळणं वेगळं.

भगिनींना मुद्दाम सांगावी अशी गोष्ट म्हणजे नमाजाची जागा. बसथांबा, पेट्रोल पंप, मॉल, स्टेशन, सगळीकडे नमाजाची खोली. मलेशियात तिला ‘सुराउ’ म्हणतात, इंडोनेशियात ‘मुशोल्ला’. बायकांचा भाग वेगळा, वुजूची सोय, आणि इंडोनेशियात बहुतेक ठिकाणी डोक्यापासून पायापर्यंतचा स्वच्छ नमाजाचा पोशाख टांगलेला असतो, त्याला ‘मुकेना’ म्हणतात. आपल्याकडे कल्याणहून ठाण्याला खरेदीला गेलेली बाई जोहर कुठे पढते? बहुधा घरी येऊन कजा. आमच्यातल्या दुसरीला 58 दिवसांत हा प्रश्न फार थोड्या वेळा पडला. सफरीत नमाज कमी करण्याचे, जोडून पढण्याचे नियम निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्या. किती दिवस मुक्काम केल्यावर ते लागू राहत नाहीत, यात शाफई आणि हनफी मतं वेगळी आहेत.

सगळ्यांत जास्त बोलणं झालं ते पश्चिम सुमात्रात. क्वालालंपूरहून पाडांगला विमानाने तासाभराचं अंतर. तिथून बसने बुकितिंग्गी हे डोंगरावरचं थंड गाव. तिथे मिनांगकाबाऊ लोक राहतात, पक्के मुसलमान. त्यांच्यात वडिलोपार्जित घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. माणसाने स्वतः कमावलेली मिळकत मात्र शरियतप्रमाणे वाटली जाते. त्यांचे पुरुष कमवायला मुलूख सोडतात, त्याला त्यांच्या भाषेत ‘मेरांताउ’ म्हणतात. थेट आपल्या कोकणासारखं. फरक एवढाच की तिथे मागे थांबणारी बाई स्वतःच्या घरात थांबते.

लॉजच्या ओट्यावर बसून आम्ही यावर दोन रात्री बोललो. आमचा कल्याणचा फ्लॅट कुणाच्या नावावर? गल्फला गेलेल्याच्या. हप्ते भरायला बँकेत कोण गेलं? दुसरी. कल्याणच्या घरात हे बोलणं कधीच निघालं नसतं. तिथे कुकरची शिट्टी होती, पाहुणे होते, फोन होता. इथे पाऊस होता आणि उठून जायला दुसरी खोली नव्हती. परत आल्यावर पहिलं काम दुसरीचं नाव घराला लावण्याचं केलं.

सगळं गोडच होतं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. कारण बसची वेळ, पण खरं कारण 22 वर्षांपूर्वीचं. एकीला पोटाचा त्रास झाला, दुसऱ्याचा गुडघा सुजला. उकळलेलं किंवा बाटलीबंद पाणी, डासांपासून पूर्ण बाह्या, प्रवासाचा विमा आणि दर सहाव्या दिवशी नुसता आराम, एवढं पाळाच. विमानाची तिकिटं सोडून दोघांचा दिवसाचा खर्च सरासरी साडेतीन हजार रुपये आला, कारण लॉज साधे होते, बस सरकारी होत्या, आणि पाडांगी खाणावळीत टेबलावर सगळ्या थाळ्या मांडल्या तरी खाल्लेल्याचेच पैसे घेतात.

प्रत्येकाला दोन महिने जमणार नाहीत. पण ज्या बहिणीचा नवरा पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय, तिने 40 दिवसांतले दहा दिवस आधीच बाजूला काढून ठेवावेत. लग्नाची आमंत्रणं आणि फ्लॅटची कामं त्यांच्यात शिरू देऊ नयेत. मुलं लहान असतील तर नानीला विचारावं, नानी बहुधा हो म्हणते. दूर जमत नसेल तर रेल्वेने केरळ गाठावं, तिथला समुद्रही आपलाच आहे.

उमऱ्यासाठी काढलेला तुमचा पासपोर्ट कपाटात, साड्यांखाली असेल. तो आज काढून मुदतीची तारीख तेवढी बघा.