गोवा ‘आपला’ म्हणजे कुणाचा?

“गोवा आपण सोडवला आणि शेवटी आपल्यालाच मिळाला नाही.” हे वाक्य मी शाळकरी वयापासून ऐकतोय. परवा इथे इंदापुरात एका लग्नाच्या पंगतीत पुन्हा ऐकलं, तेही चांगल्या शिकल्यासवरल्या भाच्याच्या तोंडून. पंगतीत वाद नको म्हणून जिलबीकडे लक्ष दिलं. पण मंडळी, इथे मला कुणी वाढायला येत नाही, तेव्हा बोलतोच.

सोडवणारे हे ‘आपण’ कोण? पोर्तुगीजांनी १५१० साली घेतलं ते मुळात मांडवी-जुवारीच्या मधलं तिसवाडी बेट. त्यांनी त्या भागाचं नावच ‘इल्यास’ ठेवलं, म्हणजे बेटं. पुढे मुलूख वाढला तसे उठावही झाले. १५८३ त कुंकळ्ळीकर उठले, १८५२ त सत्तरीचे दीपाजी राणे. १७८७ च्या पिंटोंच्या कटात तर ख्रिस्ती पाद्री पुढे होते (हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही!). आझाद गोमंतक दल काढलं तेही विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी अशा गोव्याच्याच पोरांनी. याच दलातला अस्नोड्याचा बाळा राया मापारी १९५५ च्या फेब्रुवारीत पोलीस कोठडीत मेला. आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

महाराष्ट्राने काही केलं नाही असं मी म्हणत नाही. सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे मे १९५५ मध्ये सत्याग्रहींची तुकडी घेऊन गेले. त्याच्या आदल्या वर्षी नगर हवेली मोकळी करायला गेलेल्यांत आपले सुधीर फडके होते. आणि सांगलीचे मोहन रानडे! माझ्यासारखाच हा मास्तर माणूस. गोव्यात मराठी शिकवायला गेला आणि आझाद गोमंतक दलात सामील झाला. ऑक्टोबर १९५५ त बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडला गेला. शिक्षा २६ वर्षांची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला, रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले जानेवारी १९६९ मध्ये. वर्गात हे सांगताना मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प बसायची.

पण रानड्यांनी गोळी खाल्ली म्हणून गोव्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव कसं लागेल? कुळाला सावकाराच्या तावडीतून सोडवायला मदत केली म्हणून जमीन आपल्या नावावर करून मागणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात, ते सांगायला नको.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्यात कौल घेतला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे संघप्रदेश राहायचं. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्याकडची वडील मंडळी सुतक आल्यासारखी बसली होती. “कोकणी ही मराठीचीच बोली, मग हे वेगळं कशाला?” असो. गंमत म्हणजे दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. म्हणजे माणूस हवा होता, विलीनीकरण नको होतं. लोकांना अक्कल असते ती अशी.

‘आपलेच लोक’ म्हणून न विचारता घेतलं की काय होतं, ते तिमोरला पाहावं. त्या बेटाचा पूर्व भाग गोव्यासारखाच पोर्तुगीजांचा. ते निघाले आणि डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने सैन्य घातलं. बेटकऱ्यांनी डोंगरात राहून २४ वर्षं बंदूक चालवली, माणसं लाखाच्या घरात गेली. अखेर ३० ऑगस्ट १९९९ ला मत विचारलं तेव्हा ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियाला नकार दिला. आपल्या सरकारने सैन्य धाडून गोवा घेतला खरा, पण कुणाच्या घरात राहायचं हे पाच वर्षांत विचारलं आणि आलेलं उत्तर मानलं. उत्तर आपल्या मनासारखं नव्हतं, एवढंच.

तक्रारच करायची तर ती गोवेकरांनी करावी. मतपत्रिकेवर स्वतःच्या राज्याचा पर्यायच नव्हता. त्यासाठी त्यांना ३० मे १९८७ पर्यंत थांबावं लागलं.