पाण्याखालचीं वीस मिनिटें

दिवाळीच्या सुटींत वालावलच्या घरीं मंडळी जमली म्हणजे पहिले दोन दिवस फराळांत व लक्ष्मीनारायणाच्या दर्शनांत जातात आणि तिसऱ्या दिवशीं ओटीवर एखादा वाद निघतो. गेल्या वर्षीं तो निघाला समुद्राच्या तळावरून. थोरल्या पुतण्याची मुलगी पुण्यास महाविद्यालयांत शिकते. तिच्या दोघी मैत्रिणी अंदमानास जाऊन पाण्याखालीं उतरून आलेल्या. तिनें सर्वांसमक्ष जाहीर केलें कीं, मालवणास तीच सोय हाकेच्या अंतरावर असतां आपल्या घरांतील एकहि माणूस अद्यापि खालीं उतरलेला नसावा, ही मोठी लाजेची गोष्ट आहे. माझ्या वहिनी त्या वेळीं वाती वळीत होत्या. त्यांनीं मान वर न करतांच उत्तर दिलें, "पाणी पाहावयाचें तर देवळाशेजारीं तळें आहे. त्याला तिकीट नाहीं."

हा वाद केवळ आमच्याच घरचा नाहीं. सुटींत लक्षद्वीप, अंदमान अथवा मॉरिशस येथें जाणारीं कुटुंबें आतां पुष्कळ झालीं आहेत, आणि तेथें गेल्यावर 'स्कूबा करावें कीं न करावें' हा प्रश्न प्रत्येक घरीं निघतो. एक दिवस खर्ची पडतो, पैसे बरेच पडतात, आणि वडील मंडळींचा जीव टांगणीला लागतो तो निराळाच. मी स्वतः खालीं उतरलेलों नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. माझा डावा कान लहानपणापासून वाहतो. परंतु त्या दिवशीं रखवालदार म्हणून मी नावेंत बसून होतों, आणि बसून राहणारास उतरणारापेक्षां कांहीं गोष्टी अधिक दिसतात.

आपल्या भाषेंत पाणबुड्या हा शब्द जुना आहे. तो बिचारा छातींत मावेल तेवढ्या हवेवर मोत्यांसाठीं तळ गांठीत असे. १९४३ सालीं कुस्तो नांवाचा एक फ्रेंच नौदलाधिकारी व गान्यां नांवाचा एक यंत्रज्ञ यांनीं नळकांड्यांतील दाबलेली हवा श्वासागणिक, भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें तोंडांत सोडणारी कळ सिद्ध केली, आणि आजच्या या जलक्रीडेचा पाया घातला गेला. आज मालवण-तारकर्लीस पाठीवर नळकांडें बांधून, वाटाड्याच्या हातांत हात देऊन, ज्यास पोहतां येत नाहीं असाहि मनुष्य पांच-सात मीटर खालीं जाऊन पंधरा-वीस मिनिटांत वर येतो. ही बुडी बहुधा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होते. म्हणजे ज्या कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराजांनीं किल्ल्याचा पाया घातला, त्याच बेटाच्या खडकांचा पाण्यांत बुडालेला भाग आपण पाहतों. भर समुद्रांत असूनहि किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. तळाकडे धांवणाऱ्या मंडळींनीं त्या पाहावयास विसरूं नये.

आतां पाहावयास मिळतें काय? दुकानांच्या फलकांवर निळेंशार पाणी आणि तांबडींलाल प्रवाळें रंगविलेलीं असतात. त्यांवर भिस्त ठेवून गेल्यास निराशा ठरलेली. तांबडा रंग तर पाण्यांत प्रथमच नाहींसा होतो. थोडें खालीं गेलें कीं, लाल पदार्थ करडा दिसूं लागतो. शिवाय मालवणचें पाणी लक्षद्वीपासारखें नितळ नाहीं, आणि त्याचें कारण आमच्याच परसाजवळून वाहतें. वालावलच्या कडेनें जाणारी कर्ली नदी देवबागेपाशीं समुद्रास मिळते. पावसाळ्यांत तिनें नेलेला गाळ, आणि तिच्यासारख्याच इतर खाड्यांचा गाळ, किनाऱ्याजवळच्या पाण्यांत भिनतो. लक्षद्वीपाच्या बेटांवर नद्याच नाहींत. म्हणून तेथील पाणी भिंगासारखें. ज्या मातीनें आमचे माड पोसले तिनेंच आमच्या समुद्रावर पडदा धरला आहे. त्याबद्दल कुरकूर करण्यांत अर्थ नाहीं. गाळ खालीं बसला म्हणजे, साधारण नोव्हेंबरपासून पुढें तीन-चार महिने, सकाळच्या प्रहरीं आणि वारा पडलेला असतांना हा पडदा बराच विरळ होतो. पावसाळ्यांत तर खेळ बंदच असतो.

यास्तव माझें मत असें कीं, जो लक्षद्वीपास किंवा अंदमानास जाऊन पोंचलाच आहे आणि ज्याची प्रकृति निकोप आहे, त्यानें हा अनुभव चुकवूं नये. तेथें जाण्यायेण्यासच एवढें द्रव्य लागतें कीं, बुडीच्या पैशांवरून घासाघीस करणें म्हणजे काशीस जाऊन गंगेचें पाणी मोजणें होय. मालवणाची गोष्ट निराळी. येथें आधीं धक्क्यावर उभें राहून पाणी पाहावें, आदल्या दिवशीं उतरून आलेल्यांस विचारावें, आणि मग ठरवावें. आगाऊ पैसे मात्र कोठेंहि भरूं नयेत. हें मी काटकसरीच्या दृष्टीनें सांगत नाहीं. कारण वेगळें आहे.

आम्हीं तिघांचे पैसे आगाऊ भरले होते. पुतण्याची मुलगी, तिची आई म्हणजे आमची सूनबाई, आणि तेरा वर्षांचा धाकटा मुलगा. सकाळीं नेरूरपारचा पूल ओलांडून धामापूर-चौके मार्गें आम्ही मालवणास पोंचलों. तेथें एक कागद भरून द्यावा लागतो. हृदयविकार आहे काय, फेफरें येतें काय, कान फुटला आहे काय, दमा आहे काय, असे त्यावर प्रश्न. सूनबाई मुलाचा कागद भरीत होती. दम्याच्या प्रश्नावर तिचा हात थांबला. मुलास लहानपणीं दमा होता. शेवटचा झटका येऊन दोन वर्षें झालीं होतीं. मात्र श्वासाचें औषध अजून त्याच्या पिशवींत असे. नावेवरील पोऱ्या मागून डोकावून म्हणाला, "नाय म्हणान लिवा. सगळे तसांच लिवतत." मुलगा तर डोळ्यांत प्राण आणून आईच्या लेखणीकडे पाहत होता.

येथें थोडें पदार्थविज्ञान सांगणें भाग आहे, कारण सगळा प्रश्न त्यावर उभा आहे. रिकामा तांब्या उपडा धरून विहिरींत खालीं नेला तर पाणी आंत चढतें आणि हवा आकसते. दहा मीटर खोलीवर ती बरोबर निम्मी होते. तांब्या वर आणला कीं ती पूर्ववत् फुगते. पाणबुड्याच्या छातींत तर खालीं असतांनाच दाबलेली हवा पुरेपूर भरलेली असते. तिनें फुगून जावें कोठें? श्वास चालू असेल तर ती नाकातोंडावाटे निघून जाते. भीतीनें श्वास कोंडून मनुष्य वर आला तर फुप्फुस फाटूं शकतें, आणि त्यासाठीं फार खोल जावयास नको, पुरुषभर पाणीहि पुरतें. म्हणून 'श्वास कधींहि रोखूं नका' हा या विद्येचा पहिला नियम. दमेकऱ्याचा श्वास तो मुद्दाम रोखीत नाहीं. त्याच्या श्वासनलिकाच आंत हवा अडकवून ठेवतात. कित्येक दमेकऱ्यांस तपासणीअंतीं डॉक्टर परवानगी देतात, हेंहि खरें. परंतु ती डॉक्टरानें द्यावयाची असते, धक्क्यावर उभ्या असलेल्या आईनें नव्हे.

सूनबाईनें 'होय' असें लिहिलें. नावेच्या चालकानें कागद पाहून, डॉक्टरांचें पत्र आणल्याखेरीज मुलास उतरवितां येणार नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहें. मुलगा बोलला नाहीं. पुढें तासभर त्यानें माझ्याशींहि एक शब्द काढला नाहीं. मला वाटतें, पैसे आधीं भरलेले नसते तर त्या माउलीचा हात एक क्षणहि थांबला नसता. भरलेली रक्कम हातावर बसते आणि खोटें लिहावयास लावते. याच कारणानें सर्दी झालेलीं माणसें कान दुखत असतांना उतरतात, आणि परतीचें विमान त्याच संध्याकाळचें असतांनाहि उतरतात. वास्तविक एका बुडीनंतर निदान १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानांत बसूं नये असा दंडक आहे.

आमच्या वडीलधाऱ्यांस भीति वाटते ती तळाची. परंतु २०२२ च्या मे महिन्यांत तारकर्लीजवळ पर्यटकांची जी नाव उलटून दोघे दगावले, ती बुडी मारून परत येणाऱ्यांची नाव होती. तळ पाहून झाला होता आणि किनारा जवळ आला होता. तेव्हां नळकांड्यांची चौकशी करणाऱ्यांनीं नावेंत माणसें किती घेतात आणि अंगावर तरंगजाकीट सबंध वाटभर राहतें कीं नाहीं, हेंहि पाहावें. त्या दिवशीं उकाडा होतो म्हणून मी माझें जाकीट सोडूं लागलों, तेव्हां तोच रुसलेला मुलगा प्रथम बोलला, "आजोबा, बांधा तें."

वाटाडे बहुतेक तेथल्याच गाबीत वस्तींतले तरुण. ज्यांच्या आज्यांनीं रापण ओढली, तीं पोरें आतां शहरच्या पाहुण्यांस हाताला धरून तळ दाखवितात. आमच्या मुलीच्या कानांत कळ आली, तेव्हां तिच्या वाटाड्यानें तिला जराशी वर आणली, नाक चिमटींत धरून हळूच फुंकर मारावयास लावली, आणि कान मोकळा झाल्यावरच पुन्हा खालीं नेलें. त्यांत घाई दिसली नाहीं. एक गोष्ट मात्र मला आवडली नाहीं. शेजारच्या नावेवरून पाण्यांत पाव फेंकीत होते, छायाचित्रांत मासे गर्दीनें यावेत म्हणून. या भागांत १९८७ सालीं सागरी अभयारण्य जाहीर झालें आहे. प्रवाळ हा दगड नसून असंख्य जिवांची वसाहत आहे. तिच्यावर पाय देऊन उभें राहून, माशांस पाव चारून काढलेलें छायाचित्र घरीं भिंतीवर लावण्याजोगें खास नव्हे.

सूनबाई वर आली ती कांहीं बोललीच नाहीं. मुलगी बोलत होती. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, खडकाच्या कपारींत बसलेला कोणी मिशाळ प्राणी, पाण्यामुळें आहेत त्याहून मोठे दिसणारे स्वतःचे हात, एक का दोन! सूनबाई केस पुशीत किल्ल्याकडे पाहत राहिली. रात्रीं जेवणें आटोपल्यावर वहिनींनींच तिला विचारलें, "काय ग, काय पाहिलेंस तेवढें?"

ती म्हणाली, "पहिल्या क्षणीं वर यावेंसें वाटलें. हात वर केला, तर त्या मुलानें थांबून नुसती मान डोलावली. मग स्वतःचाच श्वास ऐकूं येऊं लागला. मासे पाहिले मीं, पण फारसे आठवत नाहींत. आई, वीस मिनिटें मला कोणी हांक मारली नाहीं."

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. या घरांत त्या सतराव्या वर्षीं आल्या. शेवटीं त्यांनीं एवढेंच विचारलें, "माझ्या वयाच्या बाईस उतरवितात काय?" सगळे हंसले. त्या हंसल्या नाहींत. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतांना डॉक्टर बहुतकरून नाहींच म्हणतील, असें मीं सांगितलें. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूं देत. पण विचारावयास काय हरकत आहे?" मुलास तपासणीसाठीं कुडाळास न्यावयाचें ठरलेंच होतें. त्याच दिवशीं त्यांनाहि नेण्याचें ठरलें.

मुलाचे पैसे परत मिळाले नाहींत. तसा नियम कागदाच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापलेला होता. घरचा हिशेब माझी पत्नी लिहिते. महिनाअखेर वही पाहतां ती रक्कम प्रवासाच्या सदरांत दिसेना, म्हणून मीं चौकशी केली. तिनें ती औषधपाण्याच्या सदरांत घातली होती.