तीन खोल्यांचे बिऱ्हाड

मासा म्हटला की तो तव्यावर जावयाचा की आमटीत, एवढाच प्रश्न आजवर आमच्या घरी उपस्थित होत असे. तो काचेच्या पेटीत नांदवावा, त्याला लेकरे व्हावीत आणि ती लेकरे त्यांच्याच आईच्या तोंडातून वाचवावीत, हा उपद्व्याप पन्नाशी उलटल्यावर आमच्या मागे लागला, त्यास कारण सातवीतला एक विद्यार्थी.

आमच्या कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. माऊलीच्या देवळापाशी तीर्थाला म्हणून लांबून लोक येतात. आमच्या मुलांच्या लेखी मात्र नदी म्हणजे शाळेच्या वाटेवरचा ओहोळ. दोन वर्षांपूर्वी या मुलाने पंचा लावून तेथले पाच-सहा चिमुकले मासे धरले आणि बाटलीत भरून बाकाखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी सारे पोट वर करून तरंगत होते. आम्ही रीतीप्रमाणे रागे भरलो. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, मारायला नव्हते आणले. त्यांना पिल्लं कशी होतात ते बघायचं होतं." रागे भरण्याचा आमचा सराव दांडगा असला तरी यावर काय बोलावे ते सुचले नाही.

तेव्हा ओहोळातले मासे ओहोळातच राहू द्यावेत आणि पिल्ले पाहण्याची हौस पाळीव जातीवर भागवावी, असे ठरले. जात निवडली बुटक्या गुरामीची. गुरामीचा एक भाऊबंद दोन फुटांपर्यंत वाढतो; हा तीन इंचांवर थांबतो. नराच्या अंगावर तांबडे व निळे तिरपे पट्टे, मादी साधी रुपेरी. हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. गंगेतील माशांवर 1822 साली ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस हॅमिल्टनने त्याची शास्त्रीय नोंद केली. हाच गृहस्थ बुकॅनन या मूळ नावाने 1800-01 मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार हिंडून गेला होता, हे सांगितल्यावर मुलांना मासा एकदम ओळखीचा वाटू लागला!

हा मासा बाहेरच्या हवेतून श्वास घेतो आणि पाण्याच्या पृष्ठावर तोंडातल्या फुग्यांचे, शेवाळाच्या धाग्यांचे घरटे बांधतो. बाप म्हणून आदर्श. नवरा म्हणून मात्र अवघड. घरटे तयार असता मादी अंड्यावर आलेली नसेल तर तो तिला टोचून टोचून जिवानिशी मारतो. एका टाकीत भिंती घालण्याचे प्रयोजन हेच.

आमची टाकी 24 इंच लांब, 12 इंच रुंद व 12 इंच उंच आहे. तिच्या तीन खोल्या केल्या. 12 इंचांची नराची, 7 इंचांची मादीची आणि उरलेली 5 इंचांची स्पंजाच्या गाळणीची; कारण गाळणीचे बुडबुडे नराच्या खोलीत सुटले तर घरटे मोडते. नर-मादीमधली भिंत स्वच्छ काचेची आणि वर उचलता येणारी हवी. तिच्यासाठी काचेच्या अरुंद पट्ट्या सिलिकॉनने चिकटवून दोन्ही बाजूंस खाचा केल्या. पाणी खेळते राहावे म्हणून भिंतीखाली अर्धा इंच जाळी ठेवली. सिलिकॉन पुरते वाळून त्याचा आंबूस वास जाईपर्यंत पाणी भरू नये. पाणी सहा-सात इंचच ठेवावे, 27-28 अंश उबदार असावे. मादीस लपावयास भरपूर वनस्पती हवी. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असेल तर ते आधी शिळे करावे; आमचे पाणी विहिरीचे असल्याने ती दगदग नव्हती.

दोघे काचेतून एकमेकांस पाहतात. घरटे पुरे झाले आणि मादीचे पोट भरले की भिंत उचलावयाची. नर घरट्याखाली मादीस विळखा घालतो, हलकी अंडी आपोआप वर तरंगतात, चुकार अंडी तो तोंडाने गोळा करून घरट्यात ठेवतो. सोहळा आटोपताच मादीस माहेरी पाठवून भिंत खाली सोडावी. दीड दिवसात पिल्ले फुटतात. ती आपण होऊन पोहू लागली की बापासही हलवावे, नाहीतर त्याचा आदर्शपणा तेथेच संपतो.

हे सारे आम्ही आज ऐटीत सांगत आहोत. प्रत्यक्षात पहिली जोडी तीन आठवड्यांतच गेली. या जातीच्या पैदास-केंद्रांतून एक विषाणू फार पसरला आहे. त्यावर औषध नाही. आमच्या माशांचा रंग उडाला आणि अंगावर जखमा दिसू लागल्या तेव्हा हे वाचनात आले. म्हणून नवीन मासे महिनाभर निराळ्या भांड्यात ठेवावेत. दुसऱ्या जोडीस पिल्ले झाली. ती स्वल्पविरामाएवढी होती. आमच्या जाळीची भोके त्याहून मोठी. सकाळी मादीच्या खोलीत मादी तेवढी जाडजूड दिसली. जाळीच्या जागी स्पंजाची पट्टी बसविली.

तिसऱ्या खेपेस जुलैत पिल्ले तीन आठवड्यांची झाली. आम्ही निर्धास्त होतो. कणकुंबीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे ते हसतील. दोन रात्री वीज नव्हती. टाकीस गोधडी गुंडाळून सौभाग्यवतींनी पाणी बरेच उबदार राखले. परंतु पोरांनी वारंवार डोकावण्याच्या नादात वरचे झाकण सरकवून ठेवले होते. याच वयात पिल्लांच्या कल्ल्यांवरचे हवा घेणारे, घड्याघड्यांचे इंद्रिय तयार होत असते आणि ती प्रथमच पृष्ठावर येऊन श्वास घेतात. वरून गार हवा लागली की ती दगावतात. दोन दिवसांत एकही उरले नाही. तो मुलगा चार दिवस विज्ञानाच्या तासाला आमच्याकडे पाहत नव्हता. झाकण त्यानेच सरकवले होते हे आम्हांस ठाऊक होते. झाकणाचे महत्त्व आम्ही आधी सांगितले नव्हते हे त्याला ठाऊक नव्हते. ते आम्ही वर्गासमोर सांगितले.

पुढचा प्रयोग चैत्रात केला. गरम दिवस आणि घट्ट झाकण असल्यावर अडचण उरली अन्नाची. इतक्या लहान तोंडात सूक्ष्मजीवच मावतात. भाताचा पेंढा डबक्याच्या पाण्यात चार दिवस बरणीत ठेवला. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात पॅरामेशियमची जत्रा भरलेली दिसली. पाठ्यपुस्तकातले चित्र हलते आहे म्हणून मुलांनी रांग लावली. आठवड्यानंतर आर्टेमियाची पिल्ले देऊ लागलो. शेकडो अंड्यांतून 37 मासे वाढले. मोजणी अर्थात त्याचीच.

37 माशांना तीन खोल्या पुरेनात. कोणी नेईना, तेव्हा मुलगा म्हणाला, "गुरुजी, थोडे मलप्रभेत सोडू या? तिथले आपण मारले होते." आम्ही नाही म्हटले. हा मासा कृष्णेच्या खोऱ्यातला नव्हे. 1952 साली तिलापिया भारतात आणला गेला, तो तळी-नद्यांत पसरून देशी माशांच्या वाट्याचे खाऊ लागला. शिवाय घरचा रोग नदीस द्यावयाचा कशाला? येथे ओतलेले पाणी सौंदत्तीच्या धरणात आणि तेथून कूडलसंगमास कृष्णेत जाते.

त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपल्या ओढ्यातल्या माशांना पिल्लं कशी होतात?"

म्हणजे दोन वर्षे, चार खेपा आणि एक गोधडी खर्चून आम्ही होतो तेथेच होतो. यंदा मृगाच्या सरी पडताच शाळा सुटल्यावर आम्ही दोघे ओहोळाकाठी बसू लागलो आहोत. पंचा आणावयाचा नाही, वही आणावयाची, असा करार आहे. पहिल्या पानावर तारीख, वितीने मोजलेली पाण्याची खोली आणि पेन्सिलीने काढलेला एक मासा आहे.