खेळण्याएवढी करवत

गेल्या पावसाळ्यात आमच्या परसातल्या शेवग्याची एक फांदी शेजारच्या नानांच्या पत्र्यावर टेकली. वडिलांची हातकरवत पोटमाळ्यावर होती. पण ती गंजलेली, आणि मीही! तेव्हा बॅटरीवर चालणारी छोटी चेनसॉ आणायचे ठरले.

दुकानदाराने 18, 20 आणि 21 व्होल्टची यंत्रे चढत्या किमतीत मांडली. सोबत आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे सहकारी होते, म्हणून निभावले. तिन्ही बॅटऱ्यांत लिथियमचे पाच-पाचच सेल. काम करतानाचे सेलमागे 3.6 व्होल्ट धरले तर 18. पूर्ण भरल्यावरचे 4.2 धरले तर 21. सेल तेवढेच, विशेषणे वेगळी! पाहायचे ते निराळेच. चार इंची पट्टी मनगटाएवढ्या फांदीला पुरते. पोटरीएवढी असेल तर सहा इंची हवी. यंत्र हात लांब करून धरून पाहावे. चालू करताना कळीबरोबर दुसरे बटणही दाबावे लागेल असेच घ्यावे.

महाराष्ट्रात 1975 च्या कायद्यामुळे शहरातल्या आपल्या आवारातल्या झाडासाठीही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तीही आणली. मग नाना म्हणाले, "प्रोफेसर, एवढ्याशा कामाला माळी कशाला? तुम्हीच कापा की!" त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आणि मी स्टुलावर चढलो. उजव्या हातात यंत्र, डाव्या हातात फांदी.

"अहो, डावा हात तिथं कशाला?" सौ. ओरडली.

मी हात मागे घेतो न घेतो तोच यंत्र उसळले. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग मागच्या डहाळीला टेकला होता. तसा तो टेकला की साखळीचा दात अडतो आणि सारे यंत्र आपल्याच अंगावर येते. हातमोजा दोन बोटांवर उसवला. बोटे राहिली. मी स्टुलावरून उतरलो तेव्हा पाय लटपटत होते.

फांदी शेवटी माळ्यानेच उतरवली. आधी खालून तिसरा हिस्सा खाच, मग किंचित पुढे वरून काप. साल मुळीच सोलली नाही. जमिनीवर तिचे तुकडे मात्र मी केले: डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट, यंत्र दोन्ही हातांत आणि खांद्याच्या खाली. साखळी पट्टीला बिलगलेली, तरी हाताने सरकेल इतपत सैल. तिला तेल द्यावे. तिला हात लावायचा तो बॅटरी काढूनच.

वडिलांच्या करवतीने हीच फांदी कापायला दहा मिनिटे लागली असती. तेवढ्यात ती कुठे पडेल, आपला हात कुठे आहे, हे आपोआप सुचले असते. हे यंत्र ती दहा मिनिटे वाचवते. म्हणून कळ दाबण्यापूर्वी आपणच थोडे थांबायचे. दिसायला खेळणे असले, तरी दात खरे आहेत.

आमच्याकडे आता कामाची वाटणी झाली आहे. यंत्र माझ्या ताब्यात आणि बॅटरी सौ.च्या कपाटात. मागायला गेलो की ती आधी विचारते, "डावा हात कुठं ठेवणार?"