घाटावरील उन्हाळी मैफलींसाठी कायम वीजजोडणी मिळण्याबाबत (निवेदन चौथे)

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका

विषय : नदीघाटावर कायम वीजजोडणी व अन्य सोयी मिळण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरील यापूर्वीची तीन निवेदने.

महोदय,

एप्रिल-मे महिन्यांत शहरातील बंदिस्त सभागृहे भट्टीसारखी तापतात आणि संध्याकाळी माणसे नदीकडे वळतात. घाट ही मुळातच बैठकीची जागा आहे. पायऱ्या उतरत्या असल्याने मागच्या माणसालाही गवई दिसतो, दगडावर सतरंजी टाकली की बैठक तयार होते आणि दिवेलागणीला पाण्यावरून वारा सुटतो. नाशिकच्या गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला 1922 पासून मे महिन्यात भरते. वाराणसीच्या तुळशी घाटावर महाशिवरात्रीच्या सुमारास ध्रुपद मेळा होतो, तर तिथल्याच अस्सी घाटावर 2014 पासून रोज पहाटे आरतीनंतर गायन-वादन चालते. पणजीत मांडवीकाठची कला अकादमी चार्ल्स कोरिया यांनी खुल्या रंगमंचासह उभारली. या शहराच्या घाटावरही उन्हाळ्यातील शनिवारी गायन, कीर्तन, भारूड, कथ्थक आणि चित्रकारांची प्रात्यक्षिके विनामूल्य होतात. त्यांना नवी वास्तू नको आहे. त्यांना वीज हवी आहे.

घाटावरील मैफलीला मिळणारा वेळ मुळातच तोकडा असतो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. (ध्वनीविषयक नियम प्रशासनास पाठ आहेत, ते येथे उतरवून काढलेले नाहीत.) या तीन तासांतही रागांची वेळ ठरलेली आहे. मारवा, पूरिया धनाश्री हे संधिप्रकाशाचे राग. त्यांची वेळ अर्ध्या-पाऊण तासाची. पुढे यमन, मग बिहाग. मध्यरात्रीचा मालकंस घाटावर ऐकायला मिळणारच नाही, हे रसिकांनी स्वीकारले आहे. परंतु भाड्याचा जनरेटर वाहतुकीत अडकून साडेसातनंतर आला, की मारवाही जातो. गेल्या उन्हाळ्यात तो बहुतेक शनिवारी गेला.

जनरेटर वेळेवर आला तरी प्रश्न सुटत नाही. 50 हर्ट्झ वीज देणारे डिझेल इंजिन साधारणपणे मिनिटाला 1500 फेऱ्या घेते आणि त्याचा घुमारा तंबोऱ्याच्या खर्जाच्या आसपासच बसतो. तंबोरा लागला आहे की नाही, हे गवयाला इंजिनाच्या आवाजातून चाचपावे लागते. दिव्यांचा भार एकदम वाढला की इंजिन क्षणभर दबते आणि घुमाऱ्याचा स्वर उतरतो. गवयाचा षड्ज मात्र जागेवर असतो. दोन षड्जांमध्ये गाणे काय असते, ते विलंबित ख्याल मांडणाऱ्यालाच ठाऊक. जनरेटर लांब ठेवावा, तर उघड्या वायरी पायऱ्यांवरून आणाव्या लागतात आणि लहान मुले त्याच पायऱ्यांवर खेळतात. वरच्या रस्त्याकडेला ठेवला, तर वारा फिरताच धूर खाली उतरतो आणि सर्वांत वरच्या पायरीवर बसणाऱ्या वृद्धांना तोंडाला पदर-रुमाल लावून गाणे ऐकावे लागते.

गेल्या मे महिन्यातील एका शनिवारी यमन विलंबितात असताना डिझेल संपले. ध्वनिक्षेपक आणि दिवे एकाच क्षणी गेले. गायिकेने गाणे थांबवले नाही. तबलजीने हात हलका केला, कोणी तरी मोबाइलचा प्रकाश पेटीवर धरला आणि सुमारे दहा मिनिटे मैफल तशीच चालली. पुढच्या सात-आठ पायऱ्यांपर्यंत तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू आल्या. घाटावर तशा त्या कित्येक वर्षांत ऐकू आल्या नव्हत्या. त्याच अंधारात मागच्या बाजूला एका ज्येष्ठ श्रोत्याचा पाय तुटक्या पायरीवरून घसरून मुरगळला. डिझेल आले, दिवे लागले, घुमारा परत सुरू झाला आणि मैफल उरकली गेली.

या जोडणीचा इतिहास प्रशासनाच्या दप्तरी आहेच. पहिल्या निवेदनानंतर वायरमन आले, त्यांनी फिती धरून अंतर मोजले आणि घाटावरील धर्मशाळेच्या भिंतीवर वीजपेटीच्या जागी खडूने फुली मारली. ती फुली तीन पावसाळ्यांत धुऊन गेली. दुसऱ्या निवेदनानंतर बैठक झाली आणि “पुढील उन्हाळ्यापूर्वी जोडणी” असे इतिवृत्तात लिहिले गेले. तो उन्हाळा सरला. तिसऱ्या निवेदनानंतर विद्युत विभागाने घाट उद्यान विभागाकडे असल्याचे सांगितले. उद्यान विभागाने अशी फाइल आलीच नसल्याचे सांगितले. फाइलीच्या प्रतीवर त्याच विभागाच्या आवक कक्षाचा शिक्का आहे.

पुरात पेटी बुडेल, ही तोंडी सांगितलेली एकमेव हरकत. पुराची सर्वांत वरची खूण देवळाच्या जोत्यावर कोरलेली आहे आणि फुलीची जागा तिच्या वर होती. त्यातूनही शंका असल्यास पेटी मृगाआधी काढून पाडव्याला परत बसवता येईल. दरम्यान, गेल्या वर्षी पुलाच्या कमानींवर रंग बदलणारी रोषणाई झाली. तिच्या तारा घाटाच्या माथ्यावरूनच गेल्या आहेत. मैफलीच्या वेळी निळ्या-जांभळ्या उजेडात जनरेटर स्पष्ट दिसतो.

सबब, पुढील मागण्या सादर आहेत :

1. घाटाच्या माथ्यावर, पूररेषेच्या वर, कुलूपबंद पेटीसह कायम वीजजोडणी व स्वतंत्र मीटर बसवावा. वापराचे बिल आयोजक भरतील. हे तिन्ही निवेदनांत लिहिले आहे. पेटीची किल्ली कोणत्या विभागाकडे राहील, हे एकाच लेखी आदेशात ठरवावे, म्हणजे शनिवारी संध्याकाळी दोन कार्यालयांत फिरावे लागणार नाही. काम चैत्र पाडव्यापूर्वी पूर्ण व्हावे.

2. संपूर्ण उन्हाळ्याची परवानगी एकदाच मिळावी. दर आठवड्याला नवा अर्ज नको.

3. तुटक्या पायऱ्या दुरुस्त कराव्यात व एका बाजूला कठडा बसवावा.

4. महिलांसाठी स्वच्छतागृह व पिण्याचे पाणी असावे.

5. जलपर्णी एप्रिलपूर्वी काढावी.

मागणी 2 ते 5 यांसाठी थांबण्याची रसिकांची तयारी आहे. पहिल्या मागणीसाठी ते तीन उन्हाळे थांबले आहेत. पाडव्यापर्यंत जोडणी न झाल्यास हंगामाची पहिली मैफल जनरेटर, ध्वनिक्षेपक आणि दिव्यांविना, सूर्यास्तापासून अंधार पडेपर्यंत होईल. तिला प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी उपस्थित राहावे, ही विनंती. पुढच्या पायरीवर जागा राखलेली असेल.

मागील तीन निवेदनांच्या पोचा सोबत जोडल्या आहेत. चौथ्या पोचेवर जोडणीची तारीख लिहून मिळावी.

आपले विश्वासू,
घाटावरील मैफलींचे आयोजक व रसिक