चिरनेरचे हुतात्मे, मग भिलाईचे दंगेखोर का?

इंग्रज गेले आणि रयतेवर गोळ्या झाडणारं राज्यही त्यांच्यासोबत गेलं, अशी आपली समजूत आहे. भिलाईचं नाव काढलं की सांगितलं जातं, तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होता. त्याची तुलना इंग्रजी अमदानीशी करू नका.

तुलना करायलाच हवी. १ जुलै १९९२ रोजी भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनात छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे कामगार रुळांवर बसले होते. पोटापुरता पगार द्या, युनियन केली म्हणून काढलेल्यांना कामावर परत घ्या, एवढंच त्यांचं मागणं. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांना नऊ महिन्यांपूर्वी, २८ सप्टेंबर १९९१ला, याच गावात झोपेत गोळी घालून मारलं होतं. पोलिसांनी गोळीबार केला आणि पंधराहून अधिक माणसं मेली.

पण रेल्वे अडवली होती, एक पोलीस अधिकारीही मारला गेला, त्याचं काय? रूळ मोकळे करणं सरकारचं कामच आहे, आणि त्या अधिकाऱ्याच्या मृत्यूलाही न्याय मिळालाच पाहिजे. मात्र रायगडातलं चिरनेर आठवा. २५ सप्टेंबर १९३०च्या जंगल सत्याग्रहात तिथे गोळीबार झाला, तेव्हा मामलेदारही मारला गेला होता. म्हणून चिरनेरच्या मृतांना कोणी मराठी माणूस दंगेखोर म्हणत नाही. आपण त्यांचं स्मारक बांधलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपलं सरकार निवडून आलेलं असतं, चुकलं तर लोक ते घालवतात. हा फरक मोठा आहे, मला तो मान्य आहे. पण भिलाईत काय घडलं? त्या वेळचं मध्य प्रदेश सरकार डिसेंबर १९९२मध्ये बरखास्त झालं खरं, पण ते बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या घडामोडींत. कामगारांच्या रक्ताचा जाब त्यात कुणी विचारला नाही.

आणि मताने जे होत नाही ते कोर्टात व्हावं, तर दाराशी कलम उभं. जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येणार नाही, ही तरतूद १८९८च्या फौजदारी संहितेत कलम १३२ होती. १९७३च्या संहितेत ती त्याच क्रमांकाने आली. अधिकाऱ्याला मारणाऱ्यावर खटला भरायला या कलमाची आडकाठी नाही. कामगाराला मारणाऱ्यावर भरायचा, तर ज्याच्या पोलिसांनी गोळी झाडली त्याच सरकारपुढे हात पसरायचे. राणीच्या राज्यात हे समजण्यासारखं होतं, प्रजासत्ताकात नाही.

गुलामीच्या खुणा पुसतो म्हणत नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, ती १ जुलै २०२४ला, भिलाईच्या गोळीबाराला बरोबर ३२ वर्षं झाली त्या दिवशी. कलम १३२ तिच्यातही आहे. त्याचा क्रमांक आता १५१ आहे. चिरनेरला फुलं वाहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला विचारावं, हे कलम तुम्ही कधी रद्द करणार?