महिरपी कशाला?

परवा एका विद्यार्थ्याने चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीचा आराखडा आणला. दर्शनी भागावर महिरपीच महिरपी!

"ह्या कशाला?"

"इतिहास अभ्यासलाय, सर."

मी त्याच्यापुढे चार्ल्स कोरियांच्या 'कांचनजंगा'चा नकाशा पसरला. मुंबईत वारा पश्चिमेचा. पण दुपारचे ऊन अन् पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी त्यावर व्हरांड्याची तोड काढली. १९८३ साली पुऱ्या झालेल्या ह्या उंच इमारतीत कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंचीची गच्ची करून कोपऱ्यात बसवला. महिरप एकही नाही!

आठवड्याने पोरगा आला तो महिरपी पुसून, पश्चिमेला खोल ओसरी काढून. मी खूष झालो. पण मनातून खजीलही. विद्यार्थिदशेत माझ्या महिरपींना चांगले गुण मिळाले होते, आणि 'कशाला?' असे कोणी विचारलेच नव्हते!